घास अडतो तेव्हा : गिळण्याचा त्रास आणि निदानाची वाट

अन्नधान्याचे उत्पादन, त्याची साठवण आणि त्याचे वाटप यांविषयी आपण नेहमीच विचार करीत असतो. परंतु ताटात आलेला घास घशाखाली उतरणे हीदेखील एक गुंतागुंतीची क्रिया आहे आणि ती बिघडली तर भरल्या घरात माणूस उपाशी राहू शकतो, याचा विचार सहसा केला जात नाही. गिळण्याचा त्रास हा स्वतंत्र रोग नव्हे. ते अनेक रोगांचे लक्षण होय. त्यांतील काही रोग साध्या उपचाराने बरे होतात, काहींवर वेळीच उपचार झाले तर प्राण वाचतात आणि काहींमध्ये आयुष्यभर पथ्य सांभाळून राहावे लागते. यांपैकी आपला रोग कोणता, हे कळण्यासाठी निदान व्हावे लागते. ग्रामीण भागात पहिला घास अडकल्यापासून निदान होईपर्यंत पुष्कळदा कित्येक महिने निघून जातात. हे महिने वाचविणे ज्यांच्या हाती आहे, त्यांत ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील शासकीय कर्मचारी यांचा क्रम वरचा लागतो. त्या दृष्टीने या विषयाची माहिती येथे दिली आहे.

अर्जुनी मोरगाव हा गोंदिया जिल्ह्याचा दक्षिण टोकाचा तालुका. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव, इटियाडोह धरणाचे पाणी, भाताच्या बांध्या आणि त्यांना वेढून असलेले जंगल असे या तालुक्याचे स्वरूप आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून जिल्ह्याचे ठिकाण उत्तरेकडे, गोंदिया येथे आहे. येथील शेतकऱ्याचे व शेतमजुराचे वर्ष धानाच्या कामांनी बांधलेले असते. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी व मळणी आणि उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने. 'रोवणी उरकू दे, मग दवाखान्यात जाऊ,' असे म्हणणारा माणूस रोवणी उरकली की कापणीची वाट पाहू लागतो. पाय मोडला तर काम थांबते आणि माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. घास अडू लागला तर काम थांबत नाही. भाकरीऐवजी भात, भाताऐवजी पेज, असा मार्ग निघत जातो आणि रोग तेवढ्या अवधीत पुढे सरकतो.

गिळण्याची क्रिया कशी घडते

घास तोंडात चावला जाऊन लाळेत मिसळतो. त्याचा मऊ गोळा झाला की जीभ तो मागे ढकलते. येथपर्यंतची क्रिया आपल्या इच्छेने चालते. पुढची क्रिया आपोआप होते व ती सुमारे एका सेकंदात उरकते. टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाकडील वाट बंद होते. स्वरयंत्र वर व पुढे सरकते, जिभेच्या मुळाशी असलेली पातळ झडप त्यावर झाकली जाते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. त्याच क्षणी अन्ननलिकेचे वरचे तोंड उघडते व घास आत शिरतो. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. तिच्या भिंती एकामागून एक आकुंचन पावत घासाला खाली नेतात आणि आठ-दहा सेकंदांत तो जठराच्या तोंडाशी येतो. तेथील स्नायूंचे कडे सैल होऊन त्याला आत घेते व पुन्हा मिटते. या कामी तीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच जोड्या एकत्र राबत असतात.

श्वासाची आणि अन्नाची वाट घशात एकमेकींना ओलांडतात. म्हणूनच या क्रियेत बिघाड झाला की दोन निरनिराळे धोके संभवतात. एक म्हणजे अन्न पुढे न गेल्यामुळे होणारी उपासमार. दुसरा म्हणजे अन्न वा पाणी श्वासनलिकेत उतरून होणारा फुप्फुसाचा दाह, म्हणजे न्यूमोनिया. वृद्ध व अर्धांगवायूच्या रुग्णांत हा दुसरा धोका मोठा असतो. पुष्कळदा अशा रुग्णाला ठसकादेखील लागत नाही. पाणी नि:शब्दपणे फुप्फुसात उतरते आणि वारंवार येणाऱ्या तापाचे कारण कोणालाच उमगत नाही.

त्रासाचे दोन प्रकार

डॉक्टर या त्रासाची विभागणी ढोबळमानाने दोन प्रकारांत करतात आणि ती सामान्य माणसानेही समजून घेण्यासारखी आहे.

पहिल्या प्रकारात घास गिळावयास आरंभ करणेच कठीण जाते. ठसका लागतो, पाणी नाकातून येते, लाळ ओघळते, जेवताना आवाज ओला व घोगरा होतो. येथे दोष बहुधा तोंड, घसा किंवा त्यांना चालविणाऱ्या मज्जातंतूंत असतो. अर्धांगवायू, ज्याला गावात लकवा म्हणतात, हे याचे सर्वांत नेहमीचे कारण. लकव्याचा झटका आलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना आरंभीच्या दिवसांत गिळण्याचा त्रास होतो. पार्किन्सनचा कंपवात, स्नायूंचे व मज्जातंतूंचे इतर विकार आणि तोंडाचा वा घशाचा कर्करोग ही आणखी काही कारणे होत.

दुसऱ्या प्रकारात घास गिळला जातो, पण काही क्षणांनी छातीत अडल्यासारखा वाटतो. येथे दोष अन्ननलिकेत असतो. त्यातही एक प्रश्न फार महत्त्वाचा आहे : आधी काय अडू लागले? प्रथम भाकरी, मग भात आणि काही आठवड्यांनी पेजही अडू लागली असेल, तर नळीची वाट अरुंद होत चालली आहे असे समजावे. कर्करोग, आम्लामुळे किंवा दाहक पदार्थामुळे झालेले व्रण व त्यांचे आकुंचन ही त्याची कारणे असू शकतात. उलट पाणी आणि भाकरी दोन्ही पहिल्यापासून सारखीच अडत असतील, तर नळीच्या हालचालीत दोष असण्याचा संभव अधिक. अ‍ॅकलेशिया हा त्यांतील प्रमुख विकार. यात जठराच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे कडे सैलच होत नाही. हा विकार विरळा आहे. एका लाख लोकसंख्येत वर्षाकाठी साधारण एखादा नवा रुग्ण आढळतो. विरळा असल्यामुळेच त्याचे निदान होण्यास विलंब लागतो आणि दरम्यान रुग्णावर आम्लपित्ताचे वा मनाच्या आजाराचे उपचार होत राहतात.

येथे एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. 'कोठे अडते?' असे विचारले की रुग्ण बोट ठेवून जागा दाखवितो. छातीच्या मध्यावर बोट ठेवले तर दोष बहुधा तेथे किंवा त्याच्या खाली असतो. परंतु गळ्यावर बोट ठेवले म्हणून दोष गळ्यातच आहे असे नव्हे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा अडथळाही पुष्कळदा गळ्याशी जाणवतो. यास्तव घसा पाहून 'काही नाही' असे सांगितले गेले आणि त्रास मात्र तसाच राहिला, तर तपास संपला असे मानू नये.

जेवताना काहीच अडत नाही, पण एरवी घशात गोळा असल्यासारखे वाटते, अशी तक्रार घेऊन येणारेही अनेक असतात. आम्लपित्त व मानसिक ताण यांच्याशी तिचा संबंध आढळतो. ही तक्रार सहसा गंभीर नसते. तरीही एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घेणे इष्ट. तसेच रक्तक्षय असलेल्या स्त्रियांमध्ये अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होऊन घास अडू शकतो. लोहाची कमतरता भरून काढणे आणि पडदा दूर करणे एवढ्याने त्या बऱ्या होतात. पण पुढे घशाच्या कर्करोगाचा धोका राहत असल्यामुळे त्यांची नियमित तपासणी होणे आवश्यक असते. गळ्यातील गलगंड, छातीतील क्षयाच्या गाठी आणि मधुमेहींच्या अन्ननलिकेतील बुरशी हीदेखील ध्यानात ठेवावयाची कारणे आहेत.

उशीर का घातक ठरतो

अन्ननलिका लवचिक असते. तिची वाट बरीच अरुंद होईपर्यंत, म्हणजे साधारणत: १३ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत, घट्ट घासदेखील कसाबसा उतरत असतो. याचा अर्थ असा की, घास अडू लागला ती वेळ रोगाच्या आरंभाची नसते; रोग तोपर्यंत बराच वाढलेला असतो. शिवाय पोटातील आतड्यांवर जसे बाहेरून एक आवरण असते, तसे अन्ननलिकेवर नसते. त्यामुळे तेथील कर्करोग शेजारच्या भागांत लवकर पसरतो. घास अडण्याच्या तक्रारीत 'बघू काही दिवस' हे धोरण का परवडत नाही, याचे कारण या दोन गोष्टींत आहे.

एक उदाहरण कल्पून पाहू. पन्नाशीच्या एका शेतकऱ्याला आषाढात भाकरी अडू लागली. त्याने ती वरणात कुस्करून खाण्यास सुरुवात केली. पोळ्याच्या सुमारास तो भात व ताक यांवर आला. गावात कोणी आम्लपित्ताचे औषध दिले, त्याने चार दिवस बरे वाटले. दिवाळीनंतर मंडई आली, पाहुणे आले. पंगतीत आपला घास अडतो हे लोकांना दिसू नये म्हणून तो मागाहून एकटा जेवू लागला. कापणी संपता संपता सदरा सैल झाला, तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आले. हे सारे सहा महिने त्याने कोणापासून काही लपविले असे नव्हे. तो प्रत्येक अडचणीवर उपाय काढीत गेला एवढेच. अशा माणसाला आषाढातच 'भाकरी का खात नाहीस?' असे विचारणारा कोणी भेटला असता, तर त्याचे सहा महिने वाचले असते.

कोणत्याही वयाच्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक काळ घास अडत असेल तर तपासणी झालीच पाहिजे. त्याबरोबर वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच, बसलेला आवाज, मानेत गाठ किंवा रक्तक्षय यांपैकी काही असेल, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये.

खर्रा आणि न उघडणारे तोंड

झाडीपट्टीत या विषयाचा विचार खर्ऱ्याला वगळून करता येणार नाही. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा खर्रा शेताच्या बांधावर, कचेरीच्या ओसरीवर, मंडईत आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या मंडपात सारखाच चालतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत होत्या आणि त्यांतील बहुसंख्य, म्हणजे एकूण प्रौढांपैकी २४.४ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या होत्या.

यात तंबाखूइतकाच सुपारीचा दोष आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतूंचे जाळे वाढून गाल ताठ होतात, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासे होते. हा विकार घशापर्यंत व अन्ननलिकेच्या वरच्या भागापर्यंत पोहोचून गिळण्यासही बाधा आणतो. पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. तोंड पूर्ण उघडल्यावर स्वत:ची तीन बोटे उभी आत जात नसतील, तर त्या व्यक्तीने तोंडाची तपासणी करून घ्यावी. ही चाचणी शाळेतही करता येते.

ज्येष्ठ नेते श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनी तंबाखू व सुपारीपासून दूर राहण्याचे आवाहन जाहीरपणे केले आहे. अर्जुनी मोरगावच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्याचे पालकमंत्री राहिलेले माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. दोघांचेही आजार राज्याने पाहिले. या आजाराविषयी लाज वा संकोच बाळगण्याचे कारण नाही, एवढे जरी त्यातून लोकांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ झाले.

जेथे तासांचा हिशेब असतो

काही प्रसंगी गिळता न येणे हा तातडीचा इशारा असतो.

भाताच्या प्रदेशात पहिला विचार सर्पदंशाचा करावा. मण्यार साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी सूज नसते, वेदनाही फारशी नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि थुंकी गिळता येत नाही. हे विषाने स्नायू शिथिल होत चालल्याचे चिन्ह होय आणि यानंतर श्वास बंद पडण्याचा धोका असतो. अशा वेळी पाणी, दूध किंवा काढा पाजू नये आणि प्रतिसर्पविष देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे. सर्पदंश, विंचूदंश वा श्वानदंश झालेल्या माणसास वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे ग्रामपंचायत सदस्यांनी लोकांना सांगावे.

अचानक तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अस्पष्ट होणे ही लकव्याची लक्षणे होत. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. या रुग्णाला धीर देण्यासाठी घोटभर पाणी पाजण्याची पद्धत आहे. ती सोडली पाहिजे. गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज त्याच्या तोंडात काहीही घालू नये.

लहान मुलाने घड्याळातील वा खेळण्यातील चपटी बॅटरी गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांत तेथील भाग जाळू शकते. अशा मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. आम्ल वा अल्कली पोटात गेल्यास उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, कारण तोच पदार्थ परत वर येताना अन्ननलिकेला पुन्हा जाळतो. जबडा घट्ट मिटणे हे धनुर्वाताचे लक्षण असू शकते. पाणी पाहताच वा पिताना घशात झटके येणे हे पिसाळीचे लक्षण असून त्या अवस्थेत उपचार हाती उरत नाहीत. म्हणून कुत्रा चावल्याबरोबर जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस घेतली पाहिजे. अशा सर्व प्रसंगी १०८ या क्रमांकावरील रुग्णवाहिका सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.

निदानाची वाट

तातडीचे प्रसंग वगळता निदानाची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयापासून करावी. शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. तेथून आवश्यकतेनुसार रुग्णाला गोंदिया येथे पाठविले जाते. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले असून कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे. अर्जुनीहून गोंदियास बल्लारशा-गोंदिया लोहमार्गाने किंवा नवेगावबांध-कोहमारा रस्त्याने जाता येते. अधिक विशेष तपासण्यांसाठी नागपूर गाठावे लागते. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे अतिविशेषोपचार रुग्णालय, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय या संस्था आहेत.

एवढा प्रवास करावयाचा तर तो वाया जाऊ नये. त्यासाठी निघण्यापूर्वी एका कागदावर पुढील माहिती लिहून घ्यावी :

१. त्रास केव्हापासून आहे आणि तो वाढत आहे की अधूनमधून होतो.
२. आधी काय अडू लागले : भाकरी, भात की पाणी.
३. गिळताच ठसका लागतो, की गिळल्यानंतर काही वेळाने अडते.
४. न पचलेले अन्न परत वर येते काय. रात्री उशीवर येते काय.
५. वजन किती घटले. वजन माहीत नसल्यास कपडे किती सैल झाले.
६. तंबाखू, खर्रा, सुपारी, विडी, दारू यांची सवय किती वर्षांची.
७. मधुमेह, लकवा, क्षय, जुना रक्तक्षय यांपैकी काही आहे काय.
८. सध्या चालू असलेली सर्व औषधे व पूर्वीचे सर्व अहवाल.

हा कागद लिहून देण्याचे काम शिक्षक किंवा आशा कार्यकर्ती सहज करू शकतील. मोठ्या रुग्णालयातील गर्दीत डॉक्टरांना रुग्णाला देण्यास थोडाच वेळ मिळतो. ही आठ उत्तरे समोर असली तर त्या थोड्या वेळात तपासाची दिशा ठरते.

पुढील तपासण्यांपैकी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने केलेली तपासणी, ही प्रमुख होय. रुग्णाला सुमारे सहा तास उपाशी ठेवून, घसा बधिर करून, बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी तोंडावाटे आत सोडतात व अन्ननलिका व जठर आतून पाहतात. काही मिनिटांत ती आटोपते. संशयास्पद भाग आढळल्यास त्याचा कण काढून तपासावयास पाठवितात. यालाच बायॉप्सी म्हणतात. 'तुकडा काढला की रोग पसरतो' हा समज खेड्यापाड्यांत खोलवर रुजला असून त्यापायी अनेक रुग्ण तपासणीच्या दारातून परत फिरतात. तुकडा तपासल्यामुळे रोग पसरत नाही. तो न तपासल्यास मात्र नेमका उपचार ठरविता येत नाही.

बेरियमचे पांढरे द्रावण पाजून क्ष-किरणांच्या साहाय्याने ते कसे उतरते हे पाहणे ही दुसरी तपासणी. अन्ननलिकेतील दाब मोजणारी मॅनोमेट्री ही तिसरी. दुर्बिणीत सारे स्वच्छ दिसले आणि तरीही घास अडतच राहिला, तर अ‍ॅकलेशियासारख्या विकाराचे निदान या मॅनोमेट्रीने होते. त्यामुळे पहिल्या अहवालात दोष निघाला नाही म्हणून 'हे सारे मनाचे खेळ' असा शिक्का रुग्णावर मारू नये. 'मग आता पुढची तपासणी कोणती?' असे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

निदान झाले की मार्ग दिसतो. अरुंद झालेली नळी फुग्याने किंवा विशिष्ट शलाकांनी रुंद करता येते. अ‍ॅकलेशियासाठी १९१३ साली जर्मन शल्यवैद्य अर्न्स्ट हेलर यांनी स्नायूंचे कडे कापण्याची शस्त्रक्रिया प्रथम केली. तीच शस्त्रक्रिया आता दुर्बिणीने होते, आणि जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीने तर बाहेरून छेद न घेता तोंडावाटेही हे काम साधते. कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असेल तर शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांनी तो बरा होण्याची आशा असते. तो पुढे गेलेला असला तरी नळीत जाळीदार धातूची नलिका बसवून खाणेपिणे पुन्हा सुरू करता येते.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असावयास हवी. २०१२ साली निराळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ पासून सध्याच्या नावाने चालते. अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, योजनेत समाविष्ट असलेल्या उपचारांसाठी कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या मात्र प्रामुख्याने शासकीय रुग्णालयांतूनच करून घेणे सोयीचे ठरते.

त्रासासह जगताना

निदान होईपर्यंत आणि पुष्कळदा त्यानंतरही रुग्णाला हा त्रास सांभाळून जगावे लागते. जेवताना ताठ बसावे, लहान घास घ्यावा, पहिला घास पूर्ण उतरल्याखेरीज दुसरा घेऊ नये, जेवताना बोलू नये आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. लकव्याच्या रुग्णाला पाण्याचाच ठसका अधिक लागतो, कारण पाणी वेगाने घसरते. त्याला दाटसर पेज, घट्ट वरण, मऊ शिजवून घोटलेला भात अधिक सुरक्षितपणे गिळता येतो. कोणता दाटपणा योग्य, हनुवटी छातीकडे झुकवून गिळावे काय, कोणते व्यायाम करावेत, हे वाचा-उपचारतज्ज्ञ रुग्णाला तपासून सांगतात. उलट ज्याची अन्ननलिका अरुंद झाली आहे त्याला पातळ पदार्थच सोसतात. एकाचे पथ्य दुसऱ्याला लावू नये, ते याचसाठी.

नुसत्या पेजेवर शरीर टिकत नाही. पेजेत दूध, तूप, शिजवून घोटलेली डाळ, शेंगदाण्याचे बारीक कूट, चालत असल्यास अंडे मिसळून तिचे पोषणमूल्य वाढवावे. दर आठवड्याला वजन नोंदवावे. दात व जीभ दोन वेळा स्वच्छ ठेवावी. तोंड अस्वच्छ असेल तर लाळेबरोबर फुप्फुसात उतरणारे जंतू वाढतात. गोळ्या बसून, भरपूर पाण्याबरोबर घ्याव्यात, कारण काही औषधे अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण करतात. ज्याला पाणीही अडते त्याने औषधाच्या पर्यायी स्वरूपाविषयी डॉक्टरांना विचारावे. नाकातून किंवा पोटावरून नळी बसविण्याचा सल्ला मिळाला तर घाबरून जाऊ नये. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ती काही आठवड्यांपुरती असते, आणि तेवढ्या काळात शरीराला उपचार सोसण्याची ताकद येते.

याखेरीज एक दु:ख आहे ते तपासणीत दिसत नाही. आपल्याकडे आपुलकी जेवणातून व्यक्त होते. पाहुण्याने नको म्हटले तरी वाढणे हा शिष्टाचार समजला जातो. गिळता न येणाऱ्या माणसाला हाच आग्रह शिक्षेसारखा वाटतो आणि तो हळूहळू पंगत, लग्न, बारसे यांतून अंग काढून घेतो. घरच्यांनी त्याचे ताट वेगळे करावे, पण त्याची जागा वेगळी करू नये. त्याला वेळ द्यावा. चारचौघांत 'हे तरी खा' असा आग्रह धरू नये.

गावाने काय करावे

ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा घास अडण्याच्या तक्रारीचाही उल्लेख व्हावा. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी शासनामार्फत मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग यांची तपासणी उपकेंद्रांवर केली जाते. तिला आपल्या प्रभागातील लोक येतात की नाही, हे सदस्यांनी पाहावे. शैक्षणिक संस्थेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ही मनाई शाळेजवळच्या पानठेल्यापर्यंत पोहोचविणे हे मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांचे संयुक्त काम आहे. शालेय पोषण आहाराच्या वेळी जे मूल नेहमी मागे राहते, पाण्याच्या घोटाशिवाय घास गिळू शकत नाही किंवा ज्याच्या नाकातून पाणी येते, त्याची नोंद शिक्षकांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे द्यावी. कार्यालयप्रमुखांनी आपल्या कचेरीतील खर्ऱ्याकडे पाहावे. ज्या कर्मचाऱ्याला तपासणीसाठी वारंवार गोंदिया-नागपूर करावे लागते त्याच्या रजेचा प्रश्न सहानुभूतीने सोडवावा.

या कामांसाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. लक्ष मात्र हवे. रोवणीच्या दिवसांत बांधावर शिदोरी सोडून माणसे जेवावयास बसतात. त्यांच्यातील एखादा भाकरी बाजूला सारून नुसते ताक पीत असेल, तर त्याला दोन शब्द विचारावेत आणि येत्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यापर्यंत सोबत करावी. रोवणी चार दिवस उशिरा झाली तर धान थोडे कमी येईल. निदानाला चार महिने उशीर झाला तर ते नुकसान पुढच्या हंगामात भरून निघत नाही.